डेलियाचे कंद: लावायचे कोणते आणि खायचे कोणते?

वाचकाचे पत्र

मागील हंगामात रोपवाटिकेतून आणलेले डेलियाचे काही कंद मी वाफ्यात आणि मोठ्या कुंड्यांत लावले होते. फुले मनाजोगी आली. आता झाडे वाळू लागल्यामुळे एक झाड उपटून पाहिले, तेव्हा एका कंदाच्या जागी रताळ्यांसारख्या कंदांचा भरगच्च घड निघाला. हे कंद खाता येतात आणि मधुमेहींना ते विशेष चांगले असतात, असे वाचनात आले. माझ्या सासऱ्यांना मधुमेह आहे, म्हणून विचारते की हे खरे आहे का? काही कंद खाल्ले तर पुढच्या वर्षीच्या फुलांवर परिणाम होईल का? शिवाय एका मैत्रिणीलाही थोडे कंद द्यायचे आहेत.

— फुलांची हौस असलेली एक वाचक

उत्तर

सप्रेम नमस्कार.

डेलियाचे कंद खाण्याजोगे असतात, ही आपल्या वाचनात आलेली माहिती खरी आहे. तरीही आपण काढलेला हा पहिला घड स्वयंपाकघरात नेऊ नये, असे मी आग्रहाने सुचवेन. त्यातील लावण्याजोगे कंद निवडून ते पुन्हा लावावेत आणि खाण्याचा विचार पुढील हंगामात निघणाऱ्या कंदांबाबत करावा. शोभेच्या फुलझाडांचे कंद विकणारा माणूस ते कोणी खाईल असे गृहीत धरत नाही. साठवणीत कंद कुजू नयेत म्हणून त्यांना बुरशीनाशक लावले जाते आणि रोपवाटिकेत वाढीच्या काळात आंतरप्रवाही कीटकनाशकेही वापरली जातात. अशी औषधे झाडाच्या अंगात भिनतात, त्यामुळे कंद कितीही घासून धुतला किंवा जाड सोलला, तरी त्यांचा अंश पूर्णपणे गेला याची खात्री देता येत नाही. अन्नपिकावर फवारणी झाल्यानंतर काढणीपूर्वी किती दिवस थांबायचे याचे नियम ठरलेले असतात, पण फुलझाडांच्या बाबतीत तसा हिशेब ठेवण्याचे कोणाला कारणच पडत नाही. आपल्या हातातील कंद त्या विकत आणलेल्या मूळ कंदाच्या अंगावरच वाढलेले आहेत. म्हणून मध्ये आणखी एक हंगाम जाऊ द्यावा, त्या हंगामात वाफ्यावर कोणतेही रासायनिक औषध मारू नये आणि त्यानंतरचे कंदच खाण्यासाठी धरावेत. वाफा जुन्या रंगवलेल्या भिंतीला लागून असेल तर तेथील कंद खाण्यासाठी मुळीच वापरू नयेत, कारण जुन्या रंगांत शिसे असे आणि खपल्यांवाटे ते मातीत उतरते.

डेलिया खाण्याची कल्पना अलीकडची नाही. हे झाड मूळचे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतील असून तेथील मूळ रहिवासी त्याचा अन्न आणि औषध अशा दोन्हींसाठी उपयोग करीत असत. स्पेनचा राजा दुसरा फिलिप याचा वैद्य फ्रान्सिस्को हर्नांदेस हा १५७० च्या दशकात मेक्सिकोतील वनस्पतींची पाहणी करीत होता आणि त्याच्या नोंदींत डेलियाचे वर्णन आढळते. पुढे १७८९ च्या सुमारास मेक्सिको सिटीच्या वनस्पती उद्यानातून डेलिया माद्रिदला पोहोचला. तेथे आंतोनियो काव्हानिल्येस यांनी १७९१ मध्ये स्वीडनचे वनस्पतिशास्त्रज्ञ आंडर्स डाल यांच्या नावावरून त्याचे नामकरण केले. युरोपात आरंभी बटाट्याला जोड म्हणून हा कंद चाखून पाहिला गेला, पण चव कोणाला फारशी रुचली नाही आणि फुलांनी मात्र सगळ्यांना वेड लावले. तेव्हापासून आजतागायत संकर आणि निवड जवळजवळ सर्वस्वी फुलाचा रंग, आकार आणि दांड्याची लांबी पाहून होत आली आहे. त्यामुळे आपल्या वाफ्यातील जातीचा कंद चवीला कसा निघेल हे कोणीही आधी सांगू शकणार नाही. एका जातीचा कंद कुरकुरीत आणि सौम्य लागतो, तर दुसऱ्या जातीचा मुळ्यासारखा तिखटसर किंवा चक्क कडवट लागतो. आपल्याकडे एकाहून अधिक जाती असतील, तर पुढच्या वेळी प्रत्येक घडाला जातीच्या नावाची चिठ्ठी बांधून ठेवावी आणि चव वेगवेगळी घेऊन पाहावी.

आता आपला दुसरा प्रश्न, म्हणजे खाल्ल्याने फुले कमी होतील का. माझ्या मते पत्रातील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, आणि त्याचे उत्तर डेलियाच्या कंदाच्या घडणीतच दडलेले आहे. बटाट्याच्या अंगावर ठिकठिकाणी डोळे असतात, कारण बटाटा हे जमिनीखालचे खोड आहे. डेलियाचा कंद हे फुगलेले मूळ आहे आणि त्याच्या अंगावर एकही डोळा नसतो. सारे डोळे जुन्या खोडाचा तळ आणि कंदाची बारीक मान जेथे जुळतात, त्या बोटभर पट्ट्यात एकवटलेले असतात. खोडाचा तुकडा सोबत न घेता तुटलेला कंद दिसायला कितीही टपोरा असला तरी तो मातीत तंतुमुळे सोडील, पुष्कळ दिवस ताजाही राहील, परंतु त्याला कोंब फुटणार नाही. मान पिरगळलेल्या किंवा मोडून लोंबणाऱ्या कंदाचीही बहुधा हीच गत होते. प्रत्येक घडात असे आंधळे कंद निघतातच आणि बागकाम करणारे बहुतेक जण ते खतात टाकून देतात. खायचे कंद नेमके हेच. त्यामुळे फुलांच्या वाट्याचे काही काढून घेण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

एकच पथ्य पाळावे लागते, ते म्हणजे आधी लागवडीचे कंद वेगळे करावेत आणि मगच उरलेल्यांकडे पाहावे. घड पाण्याच्या हलक्या धारेखाली धुऊन माती काढावी आणि उजेडात खोडाच्या तळाभोवती बारकाईने पाहावे. डोळा म्हणजे टाचणीच्या डोक्याएवढा, किंचित वर आलेला उंचवटा असतो. त्याचा रंग सालीसारखाच असल्यामुळे कंद नुकतेच काढलेले असताना तो सरावलेल्या नजरेलाही चटकन सापडत नाही. अशा वेळी घाई न करता घड जेमतेम दमट भुशात किंवा कोकोपीटमध्ये, उबदार जागी, एक-दोन आठवडे ठेवावा. डोळे फुगून गुलाबी किंवा हिरवट होतात आणि मग शंका उरत नाही. त्यानंतर धारदार सुरीने घडाचे असे भाग करावेत की प्रत्येक कंदासोबत खोडाच्या तळाचा एक तुकडा आणि त्यावर किमान एक ठसठशीत डोळा येईल. एका घडाकडून दुसऱ्या घडाकडे जाताना सुरी स्पिरिटने पुसावी, कारण डेलियात विषाणूजन्य रोग पुष्कळ आढळतात आणि काहींचा प्रसार हत्यारावरून होतो. खोडाच्या तळाशी फुलकोबीच्या गड्ड्यासारखी खडबडीत गाठ दिसली, तर तो घड लावूही नये आणि खाऊही नये, थेट कचऱ्यात टाकावा. कापलेले भाग एक-दोन दिवस हवेशीर सावलीत सुकू द्यावेत. लागवडीसाठी कंद मोठाच हवा असे नाही. बोटाएवढा, टणक आणि डोळा असलेला कंद पूर्ण झाडासाठी पुरेसा असतो, म्हणून सर्वांत मोठे कंद मोहाने लागवडीसाठी राखून ठेवण्याचे कारण नाही. घडाच्या मधोमध काळपट, सुरकुतलेला आणि धागेदार कंद दिसेल. तो बहुधा आपण लावलेला मूळ कंद असतो आणि तो टाकून द्यावा.

आपण झाड उपटले असे लिहिले आहे, त्याबद्दल एक सूचना करतो. खोड धरून ओढले की कंदांच्या माना मोडतात आणि चांगले कंद आपल्याच हाताने आंधळे होतात. उरलेली झाडे काढताना खोड जमिनीपासून दहा ते पंधरा सेंटिमीटरवर कापावे, खोडापासून साधारण एक फूट अंतर राखून चारही बाजूंनी काटेफावड्याने माती सैल करावी आणि घड खालून आधार देऊन उचलावा. दिवस लहान होऊ लागले की डेलिया कंद भरू लागतो, म्हणून फुले संपताच घाईने खणू नये. पाने पिवळी पडल्यानंतर किंवा थंडीने काळवंडल्यानंतरही आठवडा-दोन आठवडे थांबल्यास कंदांची साल पक्की होते. डेलियाचे खोड पोकळ असते आणि त्यात साचलेले पाणी थेट घडाच्या मध्यात उतरून कुजवण सुरू करते, यासाठी काढलेला घड काही वेळ उलटा ठेवावा. साठवणीसाठी चार ते दहा अंश सेल्सिअस तापमान, अंधार आणि कोरडी वाळू किंवा लाकडाचा भुसा हवा. महिन्यातून एकदा कंद चाचपून पाहावेत, सुरकुतू लागले असतील तर पाण्याचा अगदी हलका शिडकावा करावा आणि मऊ पडलेला कंद तत्काळ बाहेर काढावा. जेथे जमीन गोठत नाही आणि पाणी साचत नाही, तेथे घड जमिनीतच राहू दिला तरी चालतो, मात्र दोन-तीन वर्षांनी तो विभागावा लागतोच.

पुढील लागवडीबद्दल थोडक्यातच सांगतो, कारण फुले चांगली आली म्हणजे आपल्याला ते जमलेले आहे. दिवसाचे किमान सहा तास ऊन, निचऱ्याची माती, दहा ते पंधरा सेंटिमीटर खोली, उंच जातींसाठी दोन झाडांत पाऊण ते एक मीटर आणि बुटक्या जातींसाठी त्याच्या निम्मे अंतर, आणि कोंब दिसेपर्यंत बेताचे पाणी ठेवावे. आधाराची काठी लावणीच्या वेळीच रोवावी, कारण नंतर रोवलेली काठी नेमकी कंदातच घुसते. झाडाला पानांच्या तीन-चार जोड्या आल्या की शेंडा खुडावा. कंद खायचे असतील तर नत्रयुक्त खताचा हात आखडता घ्यावा, कारण नत्र जास्त झाले की पाला माजतो आणि कंद साठवणीत टिकत नाहीत. गोगलगायी रात्री हाताने वेचाव्यात. गोळ्या टाकून सोपे काम करण्याचा मोह या वाफ्यात टाळलेला बरा.

आता खाण्याविषयी. डेलियाच्या कंदात साठवणीचा मुख्य पदार्थ म्हणून स्टार्चऐवजी इन्युलिन असते. हे फळशर्करेच्या रेणूंची साखळी असलेले तंतुमय द्रव्य आहे. म्हणून हा कंद कितीही शिजवला तरी उकडलेल्या बटाट्यासारखा पिठूळ होत नाही आणि थोडासा करकरीतच राहतो. तो मऊ होण्याची वाट पाहत आच वाढवत राहिल्यास निराशा पदरी येईल. कंद स्वच्छ धुऊन जाड सोलावा, कारण कडवटपणा बराचसा सालीत आणि सालीलगतच्या थरात असतो. कापलेला भाग हवेत लगेच तांबूस होतो, तेव्हा चकत्या लिंबाचा रस पिळलेल्या पाण्यात टाकाव्यात. त्या पाण्यात उकळून पाणी ओतून द्यावे आणि मग परतावे किंवा भाजावे. आम्लयुक्त पाण्यात बराच वेळ उकळल्याने इन्युलिनचे काही प्रमाणात विघटन होते आणि पोटाला होणारा त्रास थोडा कमी होतो. किसून पिठात मिसळून भाजण्याचा प्रकारही चांगला साधतो, कारण कंदात पाण्याचा अंश पुष्कळ असल्याने भाजलेला पदार्थ ओलसर राहतो. तोडून आणलेला कंद काही आठवडे थंड जागी ठेवून मग वापरल्यास तो किंचित गोड लागतो, कारण साठवणीत इन्युलिनच्या साखळ्या तुटून साखर मोकळी होते. कंद भाजून त्याचा गडद अर्क काढण्याची आणि तो पेयात घालण्याची रीतही मध्य अमेरिकेत आहे, पण घरच्या घडांतून एवढा उद्योग करावा इतके कंद क्वचितच निघतात.

पोटाच्या त्रासाचा उल्लेख केला, तो गंभीरपणे घ्यावा. मनुष्याच्या लहान आतड्यात इन्युलिन पचत नाही. ते तसेच मोठ्या आतड्यात जाते आणि तेथील जिवाणू ते आंबवतात, ज्याचा परिणाम गुबारा, पोटफुगी आणि कधी कळा येण्यात होतो. पहिल्या वेळी शिजवलेल्या दोन-तीन चकत्यांपलीकडे जाऊ नये आणि दुसरा प्रयोग एक-दोन दिवसांनी करावा. ज्यांचे आतडे मुळातच नाजूक आहे, त्यांनी या वाटेला न जाणेच बरे. झेंडू, शेवंती, सूर्यफूल यांच्या कुळातील वनस्पतींची ज्यांना ॲलर्जी आहे त्यांनीही दूर राहावे, कारण डेलिया त्याच कुळातील आहे. घरात कुत्रा किंवा मांजर असेल तर कंद त्यांच्या आवाक्यात ठेवू नयेत, कारण त्यांना डेलियामुळे सौम्य स्वरूपाचा पोटाचा आणि त्वचेचा त्रास होतो.

आपल्या सासऱ्यांविषयी सांगायचे तर, वाचनात आलेल्या माहितीला एक ऐतिहासिक आधार आहे. इन्सुलिनचा उपचार १९२२ मध्ये सुरू होण्यापूर्वी डेलियाच्या कंदापासून मिळवलेली फळशर्करा मधुमेहींना साखरेऐवजी दिली जात असे. इन्युलिन पचत नसल्यामुळे ते रक्तातील साखर स्टार्चप्रमाणे वाढवत नाही, इतपत हे म्हणणे बरोबर आहे. मात्र यावरून हा कंद मधुमेहावरील औषध ठरत नाही आणि त्याच्या भरवशावर एकही गोळी कमी करता येणार नाही. उलट एक धोका संभवतो, ज्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. जी व्यक्ती जेवणाच्या अंदाजाने इन्सुलिनचे इंजेक्शन घेते, तिने ताटातील हा कंद बटाट्याच्या हिशेबाने मोजला, तर अपेक्षित साखर रक्तात येणार नाही आणि साखर एकाएकी उतरू शकते. दुसऱ्या बाजूने, दीर्घकाळ साठवलेल्या कंदात मोकळी साखर वाढलेली असते. तेव्हा त्यांना तोंडी लावण्यापुरत्या चकत्या द्यायच्या असल्या तरी त्यांच्या डॉक्टरांना विचारूनच द्याव्यात, आणि औषध म्हणून तर मुळीच देऊ नयेत.

आणखी एका गोष्टीबाबत सावध करणे मला आवश्यक वाटते. डेलियाचे खाता येतात म्हणून बागेतील इतर फुलझाडांचे कंद चाखण्याचा उत्साह येतो, आणि तेथे चूक जिवावर बेतू शकते. कळलावीच्या कंदात कोल्चिसीन हे जहाल विष असते आणि तो कंद खाल्ल्याने मृत्यू झाल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत. नरगिसाचा कंद कांद्यासारखा दिसतो आणि कांदा समजून तो खाल्ल्याने विषबाधा झालेली आहे. हायसिंथ आणि अमॅरिलिस यांचे कंदही विषारी आहेत. शोभेच्या कंदांत डेलियाखेरीज कर्दळीचा कंद खाद्य म्हणून परिचित आहे, पण त्या दोघांपलीकडे केवळ दिसण्यावरून काहीही ठरवू नये. डेलियाचे कंद इतर कंदांसोबत एकाच पेटीत साठवू नयेत, आणि खाण्यासाठी फक्त तोच कंद घ्यावा ज्याच्या झाडाचे फूल आपण स्वतः पाहिले आहे आणि जो त्या झाडाखालून आपल्याच हाताने काढला आहे. चिठ्ठी गळून पडलेला, ओळख न पटणारा कंद लावून पाहायला हरकत नाही. फूल आले की ओळख आपोआप पटेल.

मैत्रिणीला कंद अवश्य द्यावेत, पण ते डोळे असलेलेच द्यावेत. आंधळे कंद दिल्यास ती बिचारी महिनोन्‌महिने रिकाम्या कुंडीला पाणी घालत राहील. डेलियाच्या एका झाडापासून विभागलेले सर्व कंद हुबेहूब त्याच झाडासारखी फुले देतात, त्यामुळे तिला नेमका कोणता रंग हवा आहे हे विचारून त्या घडातील भाग काढून देता येईल. बियांच्या बाबतीत ही खात्री नसते. प्रत्येक कंदाच्या मानेपाशी शाईने जातीचे नाव किंवा निदान रंग लिहावा, कारण साठवणीत कागदाची चिठ्ठी ओलाव्याने विरते. आणि आपल्याकडून मिळालेले कंद तिने खायचे ठरवले, तर ते मूळचे रोपवाटिकेतून आलेले आहेत आणि तिलाही एक हंगाम थांबायचे आहे, हे देतानाच तिला सांगावे.